तपकिरी बोटं

ऑक्टोबर छाटणी लागली की नाशिकच्या निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत कापलेल्या काड्यांचे ढीग दिसतात आणि मजुरांची तपकिरी बोटं. कात्रीला काडी काय नि बोट काय! वेलीच्या जखमेला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, माणसाच्या जखमेला बीटाडीन, ही वाटणी ठरलेली. मात्र वेलीची जखम जेवढ्या निगुतीनं बघितली जाते, तेवढं बोटाचं भाग्य नाही. बाटली उपडी केली, रंग चढला, झालं!

खरं तर बीटाडीनचा तो रंग म्हणजेच औषध, म्हणजे त्यातलं आयोडीन. माती, रक्त, पू, वरून दाबलेली हळद यांच्यातच आयोडीन खर्ची पडतं, रंग फिकटतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी स्वच्छ कापड १० मिनिटं दाबून धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याखाली ५ मिनिटं धुवायचं, आजूबाजूला साबण लावून. निम्मं काम पाणीच करतं. मग बीटाडीनचे दोन-चार थेंब, आणि दोन मिनिटं वाळू द्यायचं. ही दोन मिनिटं कुणाकडेच नसतात. ओल्यावरच पट्टी आवळली तर साचलेल्या औषधानं कातडी भाजल्यासारखी होते. वर गॉज, म्हणजे जाळीदार कापडी पट्टी, ठेवावा. कापसाचे तंतू जखमेत चिकटतात.

जुनं टिंचर आयोडीन वेगळं. त्यात अल्कोहोल, म्हणून ते झोंबतं; उघड्या जखमेत ओतू नये. बीटाडीनमधलं पोव्हिडोन नावाचं द्रव्य आयोडीनला धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. १० टक्क्यांच्या द्रावणात कामाला येणारं आयोडीन १ टक्काच, आणि तेवढं पुरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा जुनं लाल औषध (मर्क्युरोक्रोम) बीटाडीनसोबत वापरू नये.

दोन-तीन दिवसांनी थांबावं. जंतूंना मारणारं हे औषध नव्या पेशींनाही सुखानं वाढू देत नाही. थायरॉइडचा आजार, गर्भारपण, अंगावर पिणारं बाळ, मोठी भाजलेली जागा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूच नये. आयोडीन कातडीतून रक्तात उतरतं. जखम खोल असेल, मातीनं भरली असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटून गेली असतील, तर दवाखाना गाठावा. लाली पसरू लागली किंवा ताप आला तरीही. आणि कापलेल्या हातानं पेस्टिंगला उभं राहू नये. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून पेस्टिंगमध्ये लावतात ते हायड्रोजन सायनामाइड हे रसायन धडधाकट कातडीलाही सोसत नाही.

राहिला डाग. खळ केलेल्या सदऱ्यावर थेंब पडला तर तो तपकिरी नाही, निळा-काळा उठतो. ओला असतानाच लिंबू पिळलं की फिका पडतो. मात्र तेच लिंबू बोटावर पिळू नये. तिथला रंग जागेवरच हवाय.