‘तुळस’ टाइप करायला चार बटणं

कॉम्प्युटरच्या शंभर शॉर्टकट्सची यादी दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत येते. सगळे अंगठा देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माऊस धरून मेनू शोधत बसतात. यादी पाठ करून शॉर्टकट बोटांत उतरत नाही. तो उतरतो रोजच्या एखाद्या कंटाळवाण्या कामातून.

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं टायपिंगचं आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वकिलांच्या जाहीर नोटिसा, दशावतारी नाटकांची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, आणि मार्चपासून मे संपेपर्यंत आंबेवाल्यांची बिलं. या कामांतून जे बोटांत बसलं ते लिहिते आहे. पण सुरुवात कंट्रोल-सीपासून नाही, मराठी कीबोर्डपासून करणार. मराठीत काम करणाऱ्याला इनस्क्रिप्टइतका, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण देणाऱ्या कीबोर्डच्या मांडणीइतका, मोठा शॉर्टकट दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या तालुक्यात तुळस नावाचं गाव आहे. इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवणाऱ्या साधनात ‘तुलस’ येईल की ‘तुळस’, हे त्या साधनाच्या अंदाजावर असतं. मग खाली आलेल्या पर्यायांतून निवडा, चुकलं तर मागे या. इनस्क्रिप्टमध्ये एल म्हणजे त, जी म्हणजे उकार, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ, आणि एम म्हणजे स. चार बटणं, अंदाज कुणाचाच नाही. परुळे, उभादांडा, होडावडा, कुठलंही गाव आलं तरी हात थांबत नाही. जाहीर नोटिशीत गावाचं किंवा आडनावाचं एक अक्षर चुकलं तर वकील कागद परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. तो कुणाच्या तरी जमिनीचा कागद असतो.

या कीबोर्डची रचना मला फार आवडते. स्वर आणि काना-मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. व्यंजन, मात्रा, व्यंजन, मात्रा असं लिहिताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात. मधल्या ओळीत प, क, त, च, ट. त्यांच्याच डोक्यावर, वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड. म्हणजे के दाबलं की क, त्याच्या वरचं आय दाबलं की ग. आणि शिफ्ट धरलं की क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. मात्रांच्या बटणांवर शिफ्ट धरलं की पूर्ण स्वर: ि चा इ, ु चा उ. माझ्या मदतनीस मुलीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “ताई, ह्यां तर शाळेतल्या तक्त्यासारख्यांच आसा!” तसंच आहे ते. ज्याला वर्णमाला येते त्याचा अर्धा कीबोर्ड आधीच पाठ झालेला असतो.

मी टायपिंग शिकले ते इन्स्टिट्यूटमधल्या गोदरेजच्या मशीनवर, रेमिंग्टन पद्धतीने. तिथे अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमाने मारायची, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. इनस्क्रिप्टमध्ये बोलतो तसं: आधी क, मग वेलांटी. जुन्या टायपिस्टांना सुरुवातीला हेच जड जातं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या सामाईक पद्धतीत, अक्षरं साठवली जातात तीही याच क्रमाने, म्हणून मला हाच क्रम पटतो. ‘किनाऱ्यावर’ मधला तो चंद्रकोरी ऱ्या लिहायला शिफ्ट-जे, मग डी (पाय मोडायचं बटण), मग तिरकी रेघ म्हणजे य, आणि काना ई वर. हा ऱ्या न जमल्यामुळे कितीतरी हँडबिलांवर ‘किनार्यावर’ छापलेलं बघते आणि जीव हळहळतो.

इनस्क्रिप्ट १९९१ सालच्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे, आणि तो एकट्या मराठीचा नाही. कन्नड, गुजराती, तेलुगू, सगळ्यांसाठी ‘क’ ची जागा तीच. आंब्याच्या सीझनला कुणाला बेळगावकडच्या व्यापाऱ्यासाठी पेटीवर कन्नड लेबल हवं असतं. नाव ऐकलं की माझी बोटं तीच बटणं दाबतात, लिपी तेवढी बदलते. छापण्याआधी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घेते. विंडोजमध्ये एकदा भाषा जोडून ठेवली की विंडोज-स्पेसबारने एकीतून दुसरीत जाता येतं.

आता बाकीचे शॉर्टकट, माझ्या कामाच्या क्रमाने.

लग्नपत्रिकांत तेच मायने पुन्हा पुन्हा लागतात: ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, ‘।। श्री देवी सातेरी प्रसन्न ।।’, ‘ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग’. कंट्रोल-सीला शेवटची एकच गोष्ट आठवते. विंडोज-व्ही दाबून कॉपी केलेलं लक्षात ठेवायची सोय एकदा चालू करून ठेवली की पुढे तेच दाबल्यावर शेवटच्या पंचवीस गोष्टी समोर येतात, आणि ज्या पिन केल्या त्या मशीन बंद करून चालू केल्यावरही राहतात. हा शॉर्टकट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने दाखवते. कट-कॉपी-पेस्ट १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात घडवणारे लॅरी टेस्लर २०२० मध्ये गेले. त्या दिवशी मी मदतनीस मुलीला त्यांचं नाव मुद्दाम सांगितलं. ज्याच्या सोयीवर आपलं रोजचं काम चालतं, तो माणूस आपल्याला माहीत असावा.

गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं किंवा कुठल्यातरी वेबसाइटवरून उचलून देतं. तो सरळ चिकटवला की रंग, आकार, फॉन्ट सगळं बरोबर घेऊन येतो. नव्या वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही मारलं की नुसता मजकूर उतरतो. आधीच चिकटवून झालं असेल तर तेवढा भाग निवडून कंट्रोल-स्पेसबार. आणि लांबलचक अहवाल दुसऱ्या दिवशी उघडला की शिफ्ट-एफ५: काल जिथे काम थांबलं होतं तिथेच वर्ड नेऊन सोडतं.

आंब्याची बिलं एक्सेलमध्ये. पार्टी, डझन, पेट्या, दर, बिल्टीचा नंबर. वरच्या ओळीतलं तेच खाली हवं असेल तर कंट्रोल-डी. शेवटच्या ओळीवर जायला कंट्रोल आणि खालचा बाण. बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह. एकाच पार्टीचा हिशेब बघायला कंट्रोल-शिफ्ट-एल लावून गाळणी, म्हणजे फिल्टर. बागायतदार समोर उभा असतो, त्याचा टेम्पो बाहेर चालू असतो, अशा वेळी माऊस हातात घेणं मला सहन होत नाही.

पावसात लाइट जाते, यूपीएस ओरडायला लागतो. कंट्रोल-एस आणि ऑल्ट-एफ४, एकेका खिडकीवर. सगळं बंद झालं की डेस्कटॉपवर पुन्हा ऑल्ट-एफ४, मशीन बंद करायचा प्रश्न येतो, एंटर. एकदा ऐन गडबडीत ती मुलगी घाबरून म्हणाली, “ताई, माऊस बंद पडलो, आता काय करूचा?” तिच्याकडून त्या दिवशी सगळं काम टॅब, बाण, एंटर आणि शिफ्ट-एफ१० वर करून घेतलं. शिफ्ट-एफ१० म्हणजे माऊसच्या उजव्या बटणाचा मेनू. तेव्हापासून तिचा हात माऊसकडे कमीच जातो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी कीबोर्डबद्दलही थोडं लिहायला हवं. साध्या मेम्ब्रेन कीबोर्डच्या आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पडदे असतात. वरच्या आणि खालच्या पडद्यावर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा, मधल्याला भोकं. दाबलं की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. बटणं आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्यात जोडलेली असतात, म्हणून खाऱ्या दमट हवेने एखादी रेघ खाल्ली की एकटं बटण जात नाही, एकमेकांपासून लांब असलेली दोन-चार बटणं एकदम मुकी होतात. तसं झालं तर वरून साफ करण्यात वेळ घालवू नका, नवा घ्या. एकच बटण अडकत असेल तर मात्र ते उचकटून खालची धूळ काढली की बहुतेक वेळा सुटतं. आधी वायर काढा, आणि पुसायला पाणी नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

मी स्वतः मेकॅनिकल कीबोर्ड वापरते. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, आणि हॉट-स्वॅप प्रकारचा असेल तर बिघडलेला स्विच चिमट्याने ओढून तिथे दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. महाग आहे, पण दिवसभर टाइप करणाऱ्याने हा खर्च करावा. बटणांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या घ्या, एबीएसच्या लवकर घासून चकाकतात. मराठी अक्षरांचे स्टिकर मात्र लावू नका. घामाने त्यांच्या कडा सुटतात, आणि नजर बोटांवरच राहते. इनस्क्रिप्टचा तक्ता छापून स्क्रीनच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर तर्जनी ठेवा आणि स्वतःचं नाव, आडनाव, गावाचं नाव लिहायला घ्या. ते न बघता जमलं की शेजारच्या गावांची नावं.