आईचा रिपोर्ट

मेन कून जातीच्या मांजराचं पिल्लू घ्यायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवसांत काम उरकेल. आठ महिने लागले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्याकडची याआधीची दोन्ही मांजरं रस्त्यावरचीच होती, एक तर गाडीच्या बॉनेटखाली सापडलेलं. त्यामुळे ‘दत्तक का नाही घेत?’ हा प्रश्न लोकांच्या आधी मीच मला विचारून झाला होता. खरं उत्तर इतकंच की मला मेन कूनच हवा होता. थोराड अंगाचा, झुपकेदार शेपटीचा, कानांच्या टोकांवर केसांचे तुरे असलेला. यापलीकडे माझ्याकडे काही समर्थन नाही.

पहिल्याच आठवड्यात एक पिल्लू ‘मिळालं’. निळ्या पांघरुणावर बसलेलं, फोटो बघूनच जीव जावा असं. सात आठवड्यांचं आहे, उद्याच घेऊन जा, आणखी दोघं मागे लागलेत, बुकिंगचे पैसे आत्ता टाका. मी टाकणारच होते. सहज म्हणून फोटो आमच्या पशुवैद्य डॉक्टरांना पाठवला, तर त्यांचं उलट दोनच शब्दांत उत्तर आलं, “आई कुठंय?” मी तसंच पुढे विचारलं. आई म्हणे दुसऱ्या जागी आहे. व्हिडिओ कॉल करू या का? नेटवर्क नाही. मग तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिला. तेच पिल्लू, तेच निळं पांघरूण, तीन ठिकाणी, तीन वेगळ्या नावांनी. बहुधा विकायला पिल्लूच नव्हतं.

आणि खरं असतं तरी सात आठवडे म्हणजे फारच लवकर. चांगले ब्रीडर, म्हणजे मांजरांची पैदास करणारे, बारा-तेरा आठवड्यांच्या आत पिल्लू हातात देत नाहीत. तोवर पहिलं लसीकरण पुरं होतं, आणि चावा किती जोरात घ्यायचा, नखं कधी आत ओढायची हे पिल्लू आई-भावंडांकडून शिकतं. ते माणसाला नंतर शिकवता येत नाही. हातावरचे ओरखडे मोजत बसावं लागतं.

दुसऱ्या ठिकाणी सगळं रीतसर होतं. नोंदणीकृत कॅटरी (ब्रीडरचं मांजरघर), चार पिढ्यांची पेडिग्री, नावांच्या पुढे ‘चॅम्पियन’, ‘ग्रँड चॅम्पियन’. सीएफए १९०६ पासूनची, टिका १९७९ ची, मांजरांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या असल्या संस्थांची नावं कागदावर बघितली की आपण निम्मे विरघळतो. मीही विरघळले. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पेडिग्री म्हणजे वंशावळ. आजोबा कोण ते कळतं, आजोबांना काय झालं होतं ते कळत नाही. दोन्ही पालकांच्या हृदयाचा रिपोर्ट माग.

मागितला. “दोघंही हेल्थ टेस्टेड आहेत” असं उत्तर आलं आणि सोबत एक पीडीएफ. उघडली तर लसींच्या नोंदी, जंताचं औषध आणि एका ओळीत ‘हृदयाचे ठोके सामान्य’. मी पुन्हा लिहिलं, एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हवाय. पुन्हा तीच पीडीएफ. तिसऱ्यांदा विचारल्यावर, “इतकं कुणीच विचारत नाही.”

इथे जरा थांबते, कारण मलाही हे तेव्हाच कळलं. मेन कूनमध्ये एचसीएम नावाचा हृदयाचा आजार आढळतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. मांजर खातं-पितं, खेळतं, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि एक दिवस धाप लागते किंवा रक्ताची गुठळी अडकून मागचे पाय लुळे पडतात. काही वेळा तर थेट मृत्यूच. या जातीत त्याला कारणीभूत ठरणारा एक जनुकीय दोष २००५ साली सापडला आणि त्याची चाचणी गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीवरही होते. मात्र चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. तो दोष नसलेल्या मेन कूनलाही एचसीएम होतो. म्हणून प्रजननासाठी ठेवलेल्या मांजरांचा एको पुन्हा पुन्हा करावा लागतो. आज ठीक असलेली भिंत दोन वर्षांनी जाड झालेली असू शकते. स्टेथोस्कोपला यातलं कितीतरी ऐकूच येत नाही. ‘ठोके सामान्य’ या दोन शब्दांची किंमत एवढीच.

जातीगणिक दुखणी निराळी. पर्शियन घेणार असाल तर मूत्रपिंडातल्या गाठींची चाचणी विचारा, पीकेडी म्हणतात त्याला. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान ज्या दोषामुळे येतात तोच दोष सांधे बिघडवतो. तिथे कितीही चांगला ब्रीडर शोधला तरी उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत.

तिसरीकडे फोन केला तो डॉक्टरांच्याच ओळखीतून. बाईंनी पिल्लांचा विषयच काढला नाही. दिवसा घरी कोण असतं? कुत्रा आहे म्हणालात, किती वर्षांचा? आधीची मांजरं कशानं गेली? एक चौदाव्या वर्षी मूत्रपिंडानं, असं सांगितलं. दुसऱ्याला अडखळले. ते उघड्या खिडकीतून पडलं होतं. पलीकडे क्षणभर शांतता. “नंतर जाळी बसवलीत?” त्या एका खिडकीला बसवली. “बाकीच्यांना बसवा, फोटो पाठवा, मग बोलू, ताई.”

राग आला. पैसे मी देणार, आणि परीक्षाही माझीच! नवरा म्हणाला, “बरोबर तर बोलतायत.” जाळ्या बसवल्या.

भेटायला गेलो तेव्हा मांजरं घरभर होती. एक फ्रिजवर, दोन सोफ्यावर. आई स्वतःहून येऊन माझ्या पिशवीत डोकं घालून बसली. न मागता फाइल समोर आली. आईचे तीन वर्षांचे तीन एको, प्रत्येकावर तारीख, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर आणि तपासणाऱ्या हृदयतज्ज्ञाची सही. चिपचा नंबर बघायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाहीतर रिपोर्ट कुठल्या मांजराचा कुणाला ठाऊक. बाईंनी स्कॅनर आणून आईच्या मानेवर फिरवला. जुळला. बोका दुसऱ्या कॅटरीतला होता, त्याचीही जनुकीय चाचणी आणि एको लावलेला. “याच्या एका बहिणीला एचसीएम निघालंय, परवाच कळलं,” त्या म्हणाल्या. “हे जुळणं पुन्हा करणार नाही. तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा.” मी नाही म्हटलं नाही. पण डॉक्टरांशी बोलायला दोन दिवस मागून घेतले.

फाइलपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती वही. साधी, दोनशे पानी, आखीव. प्रत्येक पिल्लाला एक रकाना, वरती लोकरीच्या धाग्याचा रंग. जन्मल्यावर ओळखायला गळ्यात सैलसा धागा बांधतात. खाली रोजचं वजन ग्रॅममध्ये. हिरवा ११२, १२४, १३९. लाल १०६, ११५, १२९. पिवळा ९४, ९५, ९१, आणि पुढे कोरं. मी पिवळ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. “दर दोन तासांनी पाजलं, नाही राहिलं,” एवढंच म्हणून त्यांनी पान उलटलं.

मला लाल हवा होता, माझ्या बुटाच्या नाड्या सोडणारा. त्यांनी हिरवा दिला. लाल तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला जगू द्यायचा नाही, म्हणाल्या. करारात दोन कलमं ठळक होती. नसबंदी ठरल्या वयात करायची, आणि कधीही, कुठल्याही कारणानं सांभाळणं जमलं नाही तर मांजर दुसऱ्या कुणाला न देता त्यांच्याकडेच परत आणायचं.

चौदाव्या आठवड्यात तो घरी आला. आईच्या वासाचं फडकं सोबत दिलं होतं. दीड दिवस पलंगाखाली काढला, मग रात्री कधीतरी बाहेर येऊन कुत्र्याच्या पोटाशी झोपला. कुत्रा इतका अवघडला की सकाळपर्यंत कूस बदलली नाही त्यानं. पेडिग्रीवरचं नाव सहा शब्दांचं आहे. आम्ही बंड्या म्हणतो.

आता तो दीड वर्षाचा आहे आणि त्याचा पहिला एको करायचाय. बाईंना कळवलं तर लगेच मेसेज आला, “रिपोर्ट मलाही पाठवा. चांगला आला तरी, वाईट आला तरी. चिपचा नंबर घालायला सांगा.” मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे.