आमची वाटचाल : बॅटरीच्या डब्याचा हिशेब

2004 साली जळगाव एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या एका जुन्या मोल्डिंग मशीनवर सुरुवात केली. आधी बादल्या-टप, मग बॅटरीचे डबे आणि झाकणं. आज चार मशीन आहेत. मधली वर्षं उधारी आणि लोडशेडिंगची. ती कोणाला चुकली नाहीत, सांगत बसत नाही.

सांगायचंय मागच्या दोन वर्षांचं. आमचे डबे घेणारी एक कंपनी फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या युरोपला पाठवते. तिची एक्सेल शीट आली: किलोमागे वीज किती, प्लास्टिकचा दाणा कुठला, रीग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लास्टिक) किती टक्के, ट्रक किती किलोमीटर. मी वीजबिलाला एकूण मालाने भागलं आणि पाठवून दिलं. शीट तशीच परत आली.

युरोपियन युनियनचा 2023 चा बॅटरी कायदा आहे. 2 किलोवॉट-अवरच्या वरच्या औद्योगिक बॅटरीला कार्बनचा आकडा, म्हणजे तिच्यापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो ते, जाहीर करावा लागणार, तोही प्रत्येक मॉडेलचा आणि प्रत्येक कारखान्याचा वेगळा. कायद्यात तारीख 18 फेब्रुवारी 2026 होती. पण मोजायची पद्धत ठरवणारा नियम लांबला की तारीखही पुढे सरकते. गिऱ्हाईक मात्र थांबत नाही.

मग प्रत्येक मशीनला वेगळं मीटर लावलं. जेवणाच्या सुट्टीत चारही मशीन बंद, तरी मशीनला दाबाची हवा देणाऱ्या कंप्रेसरचं मीटर पळतंय. मला पटेना. आमचा ऑपरेटर म्हणाला, "मीटर खोटं बोलस का, दादा?" साबणाचं पाणी लावून पाहिलं तर हवेच्या लाइनला सात ठिकाणी बुडबुडे. किती वर्षं ही हवा आम्ही विकत घेत होतो कोण जाणे! ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. वरणगावकडे जाताना दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आता वेगळ्याच दिसतात.

तरी डब्याच्या आकड्यात मोठा वाटा विजेचा नाही, नव्या दाण्याचा निघाला. म्हणजे रीग्राइंड वाढवलं की आकडा उतरतो. पण डबा ठिसूळ झाला तर आत ॲसिड आहे, आणि डब्याच्या ड्रॉइंगवर रीग्राइंडची मर्यादा त्याच कंपनीने घातलीय. एकीकडे शीट, दुसरीकडे ड्रॉइंग.

मागच्या आठवड्यात रीग्राइंड वाढवून वीस डबे काढले आणि शेडमध्येच वरून टाकून पाहिले. तीन डब्यांचे कोपरे तडकले. शीटमधला रीग्राइंडचा रकाना अजून जुन्याच आकड्यावर आहे.