शून्य स्पॅमचा सोमवार

"सर, काय जादू केलीत हो? शनिवारपासून एकसुद्धा फालतू मेल नाही!" लेखा विभागातल्या मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी नुकता लॅपटॉप उघडत होतो. त्यांच्या मेल सर्व्हरवर स्पॅमचा बंदोबस्त करायला मला बोलावलं होतं खरं, पण मी अजून कशालाही हात लावला नव्हता.

मी विचारलं, "आणि कामाचे मेल किती आले?"

त्यांनी खाली-वर करून पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळनंतर बाहेरचा एकही मेल नव्हता. ऑफिसमधले आपापसातले मेल व्यवस्थित येत होते, बाहेर पाठवलेलेही पोचत होते. त्यात मधे सुट्टीचे दोन दिवस. शंका येणार तरी कशी? मेल सर्व्हर बंद पडला की पाच मिनिटांत बोंबाबोंब होते. तो सगळ्यांना दारातूनच परत पाठवायला लागला, तर आत बसलेल्यांना नुसतं शांत शांत वाटतं. बोंब मारायची ती पाठवणाऱ्याने, आणि तो तर बाहेर.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला आणि प्रकार दिसला. ओळींमागून ओळी, प्रत्येकीत ५५४ ५.७.१, म्हणजे कायमचा नकार. पुढे मेल पाठवणाऱ्या मशीनचा आयपी पत्ता, ज्या ब्लॉकलिस्टच्या (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या यादीच्या) आधारे नकार दिला तिचं नाव, आणि शेवटी एक छोटी शेपटी: 'एरर: ओपन रिझॉल्व्हर'. सगळी गोष्ट त्या शेपटीतच होती.

ब्लॉकलिस्ट विचारायची पद्धत साधी आहे. १९२.०.२.१० या पत्त्यावरून कुणी जोडणी केली, की आपला सर्व्हर तो पत्ता उलटा करतो, १०.२.०.१९२, त्यापुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेला, विचारतो. 'असं नावच नाही' असं उत्तर आलं तर पाहुणा स्वच्छ. १२७.०.० ने सुरू होणारा पत्ता आला तर तो यादीत, आणि शेवटच्या आकड्यावरून कारण कळतं. यादी जिवंत आहे का हे तपासायची सोयही यातच आहे: १२७.०.०.२ हा पत्ता नेहमी यादीत असायलाच हवा, आणि १२७.०.०.१ कधीच असता कामा नये.

मी १२७.०.०.१ ची चौकशी केली. उत्तर आलं: १२७.२५५.२५५.२५४.

हे 'यादीत आहे' असं उत्तरच नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत, म्हणजे सगळ्यांचे डीएनएसचे प्रश्न पुढे नेणाऱ्या मध्यस्थामार्फत, विचारताय, तिथून कोण किती विचारतंय ते आम्हाला कळत नाही, म्हणून आम्ही उत्तर देत नाही. पण पोस्टफिक्सच्या, म्हणजे त्यांचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये यादीचं नुसतं नाव लिहिलेलं होतं. कुठलं उत्तर ग्राह्य धरायचं ते सांगितलेलंच नव्हतं. मग पोस्टफिक्सच्या लेखी कुठलाही पत्ता परत आला म्हणजे समोरचा गुन्हेगार. शुक्रवारी रात्री होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवला होता, आणि त्या हलवाहलवीत रिझॉल्व्हरच्या फाइलमध्ये एक सार्वजनिक पत्ता येऊन बसला. पोस्टफिक्समधली यादीच्या नावाची ती ओळ वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली होती, कारण तोवर रिझॉल्व्हर त्यांचा स्वतःचा होता.

दुरुस्ती चुटकीसरशी झाली. ब्लॉकलिस्टच्या त्या नियमाच्या आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' लावलं, म्हणजे लॉगमध्ये नोंद होते पण मेल अडत नाही. मिनिटभरात पहिला बाहेरचा मेल आत आला. अर्थातच स्पॅम.

खरा प्रश्न होता आधीच्या मेलचं काय करायचं हा. पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर कायमचे नकार तात्पुरते होतात, पाचने सुरू होणारा आकडा चारने सुरू होतो, आणि पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः मूळ सेटिंगनुसार ५ दिवस करतो. नवा फिल्टर बसवताना पहिले काही दिवस ही सोय चालू ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. इथे ती नव्हती. ५५४ म्हणजे विषय संपला. समोरच्याला 'मेलर-डेमन'कडून, म्हणजे मेल परत आल्याचं कळवणाऱ्या यंत्राच्या पत्त्यावरून, पानभर तांत्रिक मजकूर गेलेला, आणि तो कोण वाचतो?

नकार दारातच दिल्यामुळे मेलचा मजकूर आपल्याकडे आलेलाच नसतो, विषयही नाही. उरतं ते एवढंच: वेळ, आयपी, पाठवणारा, घेणारा. त्या ओळींमधून खरी माणसं वेचून काढायची होती. म्हणजे जे काम करायला फिल्टर असतो, ते मी आणि त्यांच्या आयटीतला मुलगा हाताने करत बसलो. ओळखीच्या डोमेनचे पत्ते पटकन निघाले. मोफत मेलसेवांवरच्या पत्त्यांनी मात्र छळलं. नावापुढे चार आकडे असलेला पत्ता स्पॅमवाल्याचाही असतो आणि साध्या माणसाचाही.

मग एक खूण सापडली. कायमचा नकार मिळाल्यावर नियमाने चालणारा सर्व्हर तोच मेल पुन्हा पाठवत नाही. तेव्हा एकाच पत्त्यावरून एकाच व्यक्तीला दोन-तीनदा, वेड्यावाकड्या अंतराने प्रयत्न झालेला दिसला, तर तिकडे बहुतेक कुणीतरी वैतागून पुन्हा 'सेंड' दाबलंय. एक पत्ता असा होता, अक्षरं आणि आकडे यांचा नुसता काला. शनिवारी सकाळी एकदा, दहा-बारा मिनिटांनी पुन्हा, मग थेट रात्री उशिरा. मुलगा म्हणाला, "सर, हा शंभर टक्के स्पॅम." मी म्हटलं, यादीत घाल. तो नोकरीचा अर्ज निघाला, आणि शेवटची तारीख रविवारची होती. मुदत वाढवून घेतली.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना 'कृपया पुन्हा पाठवा' असे मेल गेले, आणि मग कुठे मूळ कामाला सुरुवात झाली.

आधी सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला. तो कुणाकडे प्रश्न पुढे ढकलत नाही, मुळापासून स्वतः उत्तर शोधतो. याशिवाय पुढचं काहीच धड चालत नाही, कारण मेलला गुण देऊन स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन हा फिल्टरही अशाच याद्या विचारतो. ब्लॉकलिस्टच्या ओळीत कोणती उत्तरं मान्य ते स्पष्ट लिहिलं: १२७.०.०.२ ते १२७.०.०.११, बाकी काही नाही. त्यापुढे स्पॅमअसॅसिन. मला तो आवडतो तो त्याच्या गुणांच्या हिशेबामुळे. स्पॅम ठरायला मुळात ५ गुण लागतात, आणि बेझने, म्हणजे आधीच्या मेलवरून शिकून अंदाज बांधणाऱ्या त्याच्या भागाने, '९९ टक्के स्पॅम' म्हटलं तरी त्याचे साडेतीनच्या आसपास मिळतात. एकट्याच्या शब्दावर कुणी फासावर जात नाही. ५ च्या वर गेला तर जंक फोल्डर, १५ च्या वर गेला तरच दारातून परत, असं ठरवलं. गुपचूप नष्ट करणं कुठल्याही गुणांवर नाही. कालच्या गोंधळात निदान पाठवणाऱ्याला नकार तरी मिळाला होता. तोही नसता तर अर्जदाराने तीनदा पाठवलं नसतं आणि आम्हाला तो सापडला नसता.

बेझ कामाला लागायला निदान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवावे लागतात. स्पॅम लोक आनंदाने देतात. चांगले मेल कोण देईल? शेवटी चौकशीसाठी असलेली सामाईक मेलपेटी परवानगी घेऊन वापरली. मॅडमना सांगितलं की आता थोडा कचरा येणार, तो डिलीट करू नका, जंकमध्ये टाका. त्या फारशा खूश दिसल्या नाहीत.

निघण्यापूर्वी एक छोटी स्क्रिप्ट लावली. दर दहा मिनिटांनी ती यादीला १२७.०.०.१ विचारते आणि कुठलंही उत्तर आलं की आयटीतल्या मुलाला कळवते. त्याने स्वतःचा मेल पत्ता द्यायला सुरुवात केली होती. मी मोबाइल नंबर मागितला.