पोस्टिंगच्या आधी काय वाचू?

नर्सिंग कॉलेजातल्या ज्युनिअर मुली हमखास विचारतात, "ताई, पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटीच्या, आधी काय वाचून जाऊ?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रोसिजरचं पुस्तक वाचाच. पण मी जिथे तोंडावर आपटले, ते त्यात नव्हतं.

सर्जरी वॉर्ड, सकाळची ड्युटी. गर्भपिशवीच्या ऑपरेशनची पहिली केस. प्री-ऑप, म्हणजे ऑपरेशनआधीची, चेकलिस्ट मला तोंडपाठ होती: उपाशीपोटी आहे ना, संमतीवर सही आहे ना, नेलपॉलिश पुसलं ना (बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, शिवाय नखांचा रंग दिसावा लागतो), अंगावर धातू नाही ना. कॉटरीने (ऑपरेशनमध्ये वापरतात त्या विजेच्या उपकरणाने) भाजण्याची भीती असते म्हणून. मी झपाझप टिक करत म्हटलं, "काकू, मंगळसूत्र काढून टाका. आणि या बांगड्या निघत नाहीत, फोडाव्या लागतील."

वॉर्ड चिडीचूप. मग काकूंच्या सासूबाई उसळल्या. "तोंड आहे की काय आहे तुझं? नवरा जिवंत आहे तिचा!"

मी मराठी, घरात आजीच्या हाताखाली वाढलेली. बांगडी फुटली तरी "वाढवली" म्हणायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक. युनिफॉर्म चढवला आणि तेवढंच नेमकं विसरले.

वॉर्डच्या सिस्टर आल्या. आधी खाली बसल्या, काकूंचा हात हातात घेतला. "मंगळसूत्र सासूबाईंच्या पदरात ठेवू या, तोवर हळकुंड बांधू. हात सुजला तर काच रुतेल, म्हणून साबण लावून बघते. नाहीच निघाल्या तर वाढवू, आणि घरी गेल्यावर हिरवा चुडा भरा." सासूबाई स्वतः पिशवीतून हळकुंड काढायला लागल्या. घरून घेऊनच आल्या होत्या, बघा! पिवळ्या दोऱ्यातलं हळकुंड काकूंच्या गळ्यात गेलं. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांनी ते नंतर सलाईन नसलेल्या हाताला बांधून वरून पट्टी लावली. बांगड्या साबणाने निघाल्या, दोन वगळता.

आपल्याला सिलॅबसमध्ये मॅडलिन लायनिंगर येतात, ट्रान्सकल्चरल नर्सिंगवाल्या, म्हणजे पेशंटचे रीतिरिवाज ओळखून सेवा करा म्हणणाऱ्या. ही अमेरिकन नर्स 1960 च्या दशकात न्यू गिनीत गडसुप लोकांमध्ये जाऊन राहिली, त्यांच्यात आजारी माणसाची काळजी कशी घेतात ते बघत. परीक्षेत मी त्यांच्यावर पानभर लिहिलं होतं. आणि स्वतःच्या भाषेतल्या बाईशी धड बोलता आलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या पोस्टिंगला एका बुरखेवाल्या ताईंना न विचारताच मी डॉक्टर बाईंसाठी थांबवून ठेवलं. अर्ध्या तासाने त्या हसून म्हणाल्या, "सिस्टर, डॉक्टर कोणी पण चालेल, पोट दुखतंय ना." चूक तीच, फक्त कपडे बदललेले.

तेव्हा वाचायचं ते वाचा, पण खाटेपाशी गेलात की आधी विचारा: यातलं काय काढायला तुम्हाला जड जाईल? कुणाला सोबत ठेवू? उपवास, रोजा, काही आहे का? रोजा धरलेल्या माणसाच्या इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना बदलाव्या लागतात, आणि ते त्यांना आपणच सांगायचं असतं.

माझ्या खिशात आता कात्री, टॉर्च आणि पेनाबरोबर पिवळ्या दोऱ्याचं छोटं रीळ असतं. हळकुंड बहुतेक सासूबाईच आणतात.