मोहोर कुठे गेला?

१८ ऑगस्ट, श्रावणी सोमवार. रात्रीचे साडेअकरा.

देवळातून आत्ताच आलो. छत्री असूनही गुडघ्यापर्यंत भिजलो. आज बुवांनी कीर्तनाचा पूर्वरंग लवकर आटोपला आणि उत्तररंगाला थेट आमच्या विजयदुर्गावर आले. आज हेलियमचा दिवस ना! १८६८ साली याच तारखेला खग्रास ग्रहण लागलं, किल्ल्यावर साहेबाच्या ओट्यांवर दुर्बीण लावून लॉकियर साहेबाने सूर्यावर हेलियम शोधला, आणि त्याला तहान लागली तेव्हा इथल्याच एका पोराने शहाळं सोलून दिलं. झांज वाजली, माणसं खूश. बुवा पुढे म्हणाले, "ही ऐकीव गोष्ट नव्हे, स्थानिक इतिहासात नोंद आहे!"

मी खांबाआड सरकलो. ती नोंद माझी. गावच्या स्मरणिकेत पंधराएक वर्षांपूर्वी दीड पान खरडलं होतं. शहाळं देणारा पोर म्हणजे माझा पणजोबा.

ही गोष्ट मला आत्येने सांगितली होती, तिला तिच्या आजोबांनी, म्हणजे खुद्द पणजोबांनी. तिच्या सांगण्यात साल कधीच नव्हतं. होतं ते असं: "कलमांक मोहोर इललो, नि भर दुपारी कावळे घराक परतले." साल मी घातलं, कारण हेलियमचं साल तेच, सगळे तेच सांगतात. मोहोराचं वाक्य मात्र मी खोडलं. ऑगस्टात कसला मोहोर? म्हटलं, म्हातारीचा गोंधळ झाला असेल.

गोंधळ माझाच होता. १८६८ च्या ग्रहणाला जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात पाहिली, तीही इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना. तो विजयदुर्गाला आला हे खरंच, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झेने पृथ्वीवरही हेलियम शोधून तीन वर्षं झाली होती. आणि आज दिवसभर समोरची वाघोटनची खाडीसुद्धा दिसली नाही. श्रावणात इथे दुर्बीण घेऊन कोण बसेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

ट्रंकेतली पणजोबांची पत्रिका काढून पाहिली. शके १८०८, इंग्रजी १८८६-८७. म्हणजे १८६८ ला त्यांचा पत्ता नाही, १८९८ च्या जानेवारीत दहा-अकरा वर्षांचे. शहाळं सोलायच्या वयाचे. आणि जानेवारीत कलमं मोहोरलेली असतातच.

म्हणजे आत्येकडे सगळं बरोबर होतं. मीच तिच्या गोष्टीला तीस वर्षं मागे ओढून मोठ्या शोधाला बांधून टाकली. मग स्मरणिकेतून ती शाळेच्या भाषणात गेली, भाषणातून बुवांकडे, आणि आज बुवांनी मलाच पुरावा म्हणून परत दिली. छापलेलं कोण तपासतो?

आपल्या किनाऱ्याला ही खोड जुनी आहे. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं चितेवर शुद्ध करून उठवली, असं चित्पावनांबद्दल एक दंतकथा सांगते. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून सात पुरुष नि सात बायका वाचल्या, असं बेने इस्रायली सांगतात. बेरीज दोन्हीकडे चौदाच. कोणी कोणाकडून घेतली की दोघांना समुद्रानेच दिली, देव जाणे. पण त्यांचं ठीक आहे, त्या गोष्टी घडवणारे हात आता सापडायचे नाहीत. इथला हात माझा आहे आणि त्याला अजून शाई लागलेली आहे.

परतताना आत्येकडे डोकावलो. जागीच होती. सगळं सांगितलं: साल चुकलं, हेलियम नाही, साहेब तीस वर्षांनी आला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "झिला, मोहोर होतो मां?"

"होतो, आत्ये."

"मगे झाला." आणि कूस बदलून झोपली.

उद्या बुवांना फोन करायचा आहे. त्यांची पुढची तारीख बहुतेक देवगडला आहे.