झाकू ते उरते

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी आमच्या घरातला कूलर बंद असतो. नागपूरच्या उन्हात असा हुकूम सोडणाऱ्याकडे घरचे जसे पाहतील, तशीच आईही माझ्याकडे पाहते. पण ईस्टरच्या अंड्यांवर मेणाने नक्षी काढताना मेणबत्तीची ज्योत हलू लागली की अंड्यावर काजळी धरते, त्याला माझा इलाज नाही.

लहानपणी आम्हांला ईस्टरचे अंडे ठाऊक होते ते बेकरीतले, साखरेचे, पहिल्याच घासाला दात शिवशिवणारे. खऱ्या अंड्यावर मेणाने नक्षी काढण्याची कला युक्रेनमध्ये फार नावाजलेली आहे. तिथे अशा अंड्याला पिसांका म्हणतात, ते नाव ‘लिहिणे’ या क्रियापदावरून आले आहे, आणि २०२४ साली युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. तिकडचे कारागीर लाकडी दांडीला बसवलेल्या बारीक धातूच्या नळीतून मधमाश्यांचे मेण सोडतात. माझ्याकडे पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचलेली टाचणी आहे. तिचे डोके पातळ मेणात बुडवून अंड्यावर टेकवायचे आणि ओढायचे, की एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असा थेंब उमटतो. असे आठ थेंब गोलाकार मांडले की फूल होते. याखेरीज दुसरी आकृती मला अजून साधलेली नाही.

अवघड आहे ते डोके उलटे चालवणे. रांगोळीत जे काढू ते दिसते. इथे जे झाकू ते उरते. पांढऱ्यावर मेण ठेवले तर पांढरे राहते, मग हळदीच्या पाण्यातून काढून पिवळ्यावर मेण ठेवले तर तेवढे पिवळे राहते, आणि शेवटी कांद्याच्या सालींचा तांबूस तपकिरी रंग सगळ्यावर पसरतो. फिक्याकडून गडदाकडे जायचे, मागे फिरता येत नाही.

साली मी कॉटन मार्केटातून आणतो. कांदेवाला पैसे घेत नाही, मात्र हे कशाचे औषध आहे ते दर वर्षी विचारतो. अर्धा तास उकळून, गाळून त्यात चमचाभर व्हिनेगर घालायचे आणि पाणी पूर्ण निवू द्यायचे. पहिल्या वर्षी मला धीर धरवला नाही. गरम रंगात अंडे सोडताच दोन तासांची फुले तवंग होऊन वर आली. होळीला पळसाची फुले उकळली होती तेव्हाच त्यात अंडी का बुडवली नाहीस, असे आईने त्याच वेळी विचारले होते.

जांभळ्या कोबीची गंमत निराळी. व्हिनेगर पडताच त्याचे पाणी गुलाबी होते, पण त्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले पांढरे अंडे निळे निघते, कारण कवच चुनखडीचे असल्यामुळे त्याला लागलेले आम्ल मारले जाते. बुडवल्या बुडवल्या कवचावर जे बारीक बुडबुडे धरतात, ते याच झटापटीचे. गावरान अंडी यासाठी घेऊ नयेत, त्यांच्या तपकिरी कवचावर निळे नीट दिसत नाही.

रविवारी सकाळी अंडे ज्योतीच्या बाजूला, वर नव्हे, धरून जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने मेण पुसले की पांढरी फुले एकेक करून उघडतात. ती तबकात दुपारपर्यंतच राहतात. चर्चमधून परतल्यावर आई सावजी रश्श्यासाठी अंडी सोलायला घेते, आणि उकडताना तडकलेल्या एखाद्या अंड्याच्या पांढऱ्यावर कोबीच्या निळ्या शिरा उतरलेल्या असतात. ते अंडे ती न बोलता माझ्या ताटात वाढते.